दरेकरमामांचा झोपेचा प्रस्ताव

कुठलं पुस्तक वाचायला चांगलं, हे सांगणारी माणसं ग्रंथालयात पुष्कळ भेटतात. कुठलं पुस्तक उशाला चांगलं, हे सांगणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या कॉलेजचे दरेकरमामा.

"शब्दकोश घेऊ नगं," बाकावर डोकं टेकू पाहणाऱ्या पोराला ते सांगायचे. "लई टनक. मान धरती. अर्थशास्त्र घे. दोन ठेव एकावर एक."

मी अर्थशास्त्र शिकवते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी हे कानांनी ऐकलं. मामांनी वळून पाहिलं, मला नमस्कार केला आणि लगेच खुलासा केला, "राग मानू नका, म्याडम. तुमची पुस्तकं वापरून वापरून मऊ झाल्यात." त्यातल्या 'वापरून' या शब्दावर मी समाधान मानलं.

सुप्यापासून थोडं आत, माळावर आमचं कॉलेज आहे. मामा तिथं ग्रंथालयात परिचर. म्हणजे पुस्तकं काढायची, परत लावायची, धूळ झटकायची. शिडशिडीत अंगाचे, डोक्याला टोपी, गळ्यात दोरीनं लटकणारा चष्मा. चपला दारातच काढून ते दिवसभर अनवाणी फिरायचे, कारण चपलेचा आवाज होतो. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. आम्हाला वाटायचं, ती वाचणाऱ्यांसाठी. मामांच्या लेखी ती झोपणाऱ्यांसाठी होती. कोणी कुजबुजलं की मामा येऊन उभे राहायचे. "हळू बोला. तिकडं एकजन निजलाय."

निजणारे कमी नव्हते. आमची बरीच मुलं सुप्याच्या कारखान्यांत तिसरी पाळी करतात. सकाळी सातला सुटतात, कंपनीच्या बसनं फाट्यावर उतरतात आणि तसेच आठच्या तासाला येऊन बसतात. डोळे उघडे असतात, पण आत कोणी नसतं. मामांनी या झोपेचे तीन प्रकार पाडले होते. पहिली 'कंपनी झोप'. दुसरी 'एस्टी झोप', म्हणजे पहिली गाडी गाठायला पहाटे उठणाऱ्यांची.

"आणि तिसरी?" मी एकदा विचारलं.

मामा जरा घुटमळले. "तिसरी तासाची झोप. ती वर्गातच पुरी हुती, म्याडम. तिला येगळी जागा लागत न्हाई."

पोरांना उठवून हाकलून द्या, असं कोणी प्राध्यापक म्हणाले की मामांचं एकच उत्तर असायचं, "आधी मिटल्याबिगर डोळं उघडत न्हाईत, सर."

मागच्या वर्षी आमच्या संस्थेनं 'कर्मचारी उपक्रम निधी' जाहीर केला. प्राचार्यांपासून सफाई कामगारापर्यंत कोणीही, मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कॉलेजातलं त्यांचं जगणं बरं व्हावं यासाठी एखादी कल्पना मांडायची. पसंत पडली तर संस्था अनुदान देणार. सगळीकडे उत्साह पसरला. कोणी भाषा-प्रयोगशाळा मागितली, कोणी औषधी वनस्पतींची बाग. एका सरांनी प्रवेशद्वाराशी सेल्फी पॉइंट मागितला आणि त्यानं विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास कसा वाढेल यावर चार पानं लिहिली.

मामा कोरा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले.

"म्याडम, लिवून द्या. मला निजायची खोली पायजे."

"तुम्हाला?"

"मला कशाला? पोरान्ला."

मी फॉर्म उघडला. "उद्दिष्ट?"

"पोरान्नी निजावं."

"अपेक्षित फलनिष्पत्ती?"

"म्हंजी?"

"म्हणजे शेवटी यातून काय मिळणार?"

"झोप," मामा म्हणाले. या बाईला इतकं कसं कळत नाही, असा त्यांचा चेहरा.

"आणि मूल्यमापन कसं करणार?"

मामांनी डोळे मिटून विचार केला. "घोरन्यावरनं करता येईल. पर समदी घोरत न्हाईत."

शेवटी मी माझ्या पद्धतीनं लिहिलं. 'श्रमजीवी विद्यार्थ्यांच्या अध्ययनक्षमतेच्या संवर्धनार्थ विश्रांती कक्ष' वगैरे. मामांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "झ्याक झालंय. ऐकतानाच जांभई आली." आणि मुलाखतीला मी सोबत यायचं, अशी अट घातली. "लिवलंय तुमी, निस्तरायचं बी तुमीच."

मुलाखती दुपारच्या जेवणानंतर ठेवल्या होत्या. जेवणात मसालेभात आणि जिलेबी होती, हे पुढं काय झालं त्यासाठी सांगायला हवं. समितीत तिघे. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राचार्य, संस्थेचे एक वयस्कर विश्वस्त आणि बांधकाम पाहणारे एक इंजिनियर.

अध्यक्षांनी प्रस्ताव चाळला आणि चष्म्यावरून पाहिलं. "दरेकर, महाविद्यालय हे जागं होण्याचं ठिकाण आहे. तिथं झोपायला संस्थेनं अनुदान द्यायचं?"

"सायेब, निजत्यात ती आत्ताबी. बाकावर वाकडी हून निजत्यात. म्या म्हनतो, सरळ निजू द्या."

"घरी झोपावं त्यांनी."

"घर वाटंवर कुटं लागतंय त्यांच्या? पाळीवरनं कालेज, कालेजातनं रानात. सांज झाली की पुन्हा गाडी कंपनीची." मामांचा आवाज चढायला लागला होता. तो मी कधीच चढलेला ऐकला नव्हता. "मागल्या साली एक पोरगं परीक्षेत उत्तरपत्रिकेवर डोकं ठिवून निजलं. तीन तास. कुनी उठीवलं न्हाई, आन समदी नापास म्हनून मोकळी झाली. त्या पोराला येत न्हवतं का काय? येत हुतं, सायेब. त्याला फकस्त..."

इथं मामा थांबले. त्यांची नजर विश्वस्तांकडे गेली. विश्वस्तांची हनुवटी छातीला टेकली होती, कोपर टेबलावरच्या चहाच्या कपाला लागलं होतं आणि कप हळूहळू कडेला निघाला होता. मामा उठले. अनवाणीच होते, आवाज झाला नाही. त्यांनी कप बाजूला घेतला. खिडकीतून विश्वस्तांच्या तोंडावर ऊन येत होतं, तो पडदा ओढला. मग पुन्हा खुर्चीत येऊन बसले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "हां, तर सायेब, त्याला फकस्त येका तासाची निज पायजे हुती."

गंमत अशी की अध्यक्षांचाही आवाज खाली आला. "मुलींचं काय?" ते कुजबुजले.

"येगळी खोली. येगळं दार," मामा कुजबुजले.

"पंखे किती लागतील?" इंजिनियर कुजबुजले.

उरलेली सगळी मुलाखत तशीच झाली. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर आम्ही पेपर फोडतोय असंच वाटलं असतं. विश्वस्त पंधरा-वीस मिनिटांनी जागे झाले, ताजेतवाने दिसले. "हां, कुठपर्यंत आलो?"

"तुमी जिथं हुता तिथंच हाये सगळं, सायेब," मामा म्हणाले. "तुमच्याबिगर फुडं गेलो न्हाई."

विश्वस्तांनी मामांकडे पाहिलं. मग ओढलेल्या पडद्याकडे, मग लांब सरकवलेल्या कपाकडे. आणि पहिली सही त्यांनी केली.

एक वर्षाच्या बोलीवर मंजुरी मिळाली. जिमखान्याच्या दोन जुन्या खोल्या रिकाम्या करून चुना मारला, गाद्या आल्या, पंखे बसले. सेल्फी पॉइंटही मंजूर झाला, पण त्याचं पुढं काही झालं नाही. उद्घाटनाला आमचे प्राचार्य नेहमीप्रमाणे मोठं भाषण तयार करून आले. मामांनी त्यांना दारातच गाठलं. "सायेब, माइक नगं. तिघं सकाळधरनं आत निजल्यात." प्राचार्यांनी फीत कापली आणि तोंडातल्या तोंडात दोन वाक्यं बोलून काढता पाय घेतला. त्यांचं ते आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण, असं स्टाफरूममध्ये एकमतानं ठरलं.

मामांनी साऱ्या वर्गांची वेळापत्रकं पाठ केली. ग्रंथालयातून दर तासाला उठून यायचे. कुणाला हलवून जागं करणं त्यांना पटत नसे. पायाशी बसून फरशीवर दोन बोटं वाजवायचे. "समीर, ऊठ बाळा. धा वाजल्यात. वनस्पतीशास्त्र हाय." मुलींच्या खोलीकडे आमच्या शिपाई संगीताबाई होत्या, पण कुणाला कधी उठवायचं हे त्यांना मामाच सांगायचे.

एकदा तास सुरू व्हायच्या आधी मामा माझ्या वर्गाशी येऊन उभे राहिले. "म्याडम, आज काय शिकवनार?"

"का हो?"

"प्रतीक्षा निजलीय. उठवाय लावू का नगं, ते ठरवायचंय."

प्रतीक्षाचे आईबाप ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे गेले की धाकट्या दोन भावंडांचं सगळं तिच्यावर. मी म्हणाले, "मामा, आजचा धडा महत्त्वाचा आहे."

मामांनी मान डोलावली. "मग उठवाय सांगतो. पर उद्याचा जरा कमी महत्त्वाचा ठिवा."

मी ठेवला.

वर्षाअखेरीस समीर पास झाला. उत्तरपत्रिकेवर झोपलेला मुलगा तोच. संस्थेनं खोल्या पुढेही चालू ठेवायचं ठरवलं. मामांचं अभिनंदन करायला गेले तर ते म्हणाले, "पास त्यो झाला. म्या निस्ता टायमावर उठीवला." पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते परीक्षा संपली त्या दिवसाचं.

शेवटचा पेपर एकला सुटला. पोरं पिशव्या उचलून, आरडाओरडा करत गावोगाव निघून गेली. दोन वाजेपर्यंत कॉलेज असं रिकामं झालं की नळाचं पाणी ठिबकलेलं ऐकू यावं. मी चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन निघाले होते. विश्रांती कक्षाचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावले. मामा भिंतीला टेकून एका गादीवर बसले होते. बाकीच्या गाद्या गुंडाळून झाल्या होत्या. डोळे लाल.

"मामा, घरी नाही गेलात?"

"जातो की."

"आता कुणाला उठवायचं नाही. पडा जरा इथंच."

मामा हसले. "मला न्हाई येत, म्याडम."

"दुपारची?"

"रातची बी न्हाई." ते गादीचा दोरा ओढत बसले. मला वाटलं, एवढंच. पण मग ते आपण होऊन बोलले. "आमच्या हिला आडवं पडल्यावर बोलायची सवय हुती. दिसभराचं समदं सांगायची. शेळीनं काय खाल्लं, भावजय काय म्हनली. मधी मधी इचारायची, ऐकताय न्हवं? मी म्हनायचो, व्हय. आन तसाच निजायचो. तीन वर्सं झाली तिला जाऊन. लेक पुन्याला. घरात लई सामसूम हाय, म्याडम. सामसुमीत मला न्हाई लागत डोळा."

मी हातातला गठ्ठा खाली टेकवला.

"हितं बरं हाय," ते खोलीकडे बघत म्हणाले. "कुनी कूस बदलतं, कुनी घोरतं. उठवायची येळ हुईस्तवर दाराशी बसायचो, तवा माझाबी लागायचा जरा. आता दोन महिने सुट्टी."

कामाच्या वेळेत डुलकी घेतल्याची कबुली दिल्यासारखे ते ओशाळले होते. इतकी पोरं ज्यानं निजवली, त्याला स्वतःच्या डुलकीची लाज वाटत होती.

मी म्हणाले, "मामा, स्टाफरूममधला पंखा बंद पडलाय. मला एवढे पेपर तपासायचेत. इथं बसले तर चालेल?"

स्टाफरूमचा पंखा उत्तम चालू होता आणि मामांना ते माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून बाजूला ठेवली. "बसा की," म्हणाले, आणि हात उशाला घेऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी खुर्ची ओढली, गठ्ठा सोडला आणि पहिला पेपर मोठ्यानं वाचायला लागले.

"हे बघा मामा, काय लिहिलंय. मागणी म्हणजे काय? 'जी मागून मिळत नाही तिला मागणी म्हणतात.' याला आता किती गुण देऊ? ऐकताय ना?"

"व्हय," भिंतीकडून आवाज आला.

"आणि ही आपली प्रतीक्षा. 'बेकारी दोन प्रकारची असते. एक कामधंदा नसलेली, आणि दुसरी घरात सगळं काम करूनही जिला कोणी काम म्हणत नाही ती.' पुस्तकात असं काही नाही, पण मी गुण देणार आहे. ऐकताय ना, मामा?"

"व्ह..."

तिसऱ्या पेपरला उत्तर आलं नाही. मी वाचणं थांबवलं नाही. गठ्ठ्यात अजून पुष्कळ पेपर होते.