अमळनेरातला क्युबा

आमच्या शेजारचे बापूनाना दारसुद्धा तालात वाजवतात. टक्, टक्, टक्... टक्, टक्. आपण घाईने उघडलं तर म्हणतात, "लाव परत. ताल अर्धा ऱ्हायना."

नाना लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत. तरुणपणी धुळ्याच्या एका मास्तरांनी त्यांना क्युबाच्या लॅटिन जॅझची कॅसेट ऐकवली आणि नाना कामातून गेले. तेव्हापासून हळदीच्या गाण्यातही मध्येच क्युबा शिरायचा. शिंदखेड्याला एका वरातीत नवरदेवाची घोडीच जागची हलेना. वरबाप धावत आला, "नाना, हाई काय वाजाडी ऱ्हायनात?"

"लॅटिन शे! पाय मोकळे सोडा!"

मग एका उन्हाळ्यात नानांच्या अर्ध्या चेहऱ्यावरून वारं गेलं. चेहरा सावरला, पण ओठांत फुंक धरेना. ट्रम्पेटमधून नुसती हवा. आता संपलं, असं समजून मी भेटायला गेलो, तर नाना खाटेवर बसून तोंडानेच क्लॅरिनेटचे सूर काढत होते.

"व्हट गयात, कान तं शेतस ना!" म्हणाले. "आते मी बठ्ठा बँड बसाडसू."

सगळा बँड बसवायला रोज संध्याकाळी बँडवाले नानांच्या अंगणात जमू लागले. कुणी काय वाजवायचं, ते नाना गाऊन दाखवत. क्लॅरिनेटवाला हिरामण वैतागला, "नाना, हाई आमले जमाव नही."

"नही जमस तं सकाय परत ये."

तो आला. सगळा पावसाळा येत राहिला. गल्लीने आधी खिडक्या लावल्या. पुढे आमची ही त्याच तालावर पोळ्या लाटू लागली.

तुळशीच्या लग्नानंतर धुळ्यात पहिली वरात निघाली. हळदीचं गाणं क्युबाच्या अंगाने उसळलं आणि फेटेवाले, आज्या, वरबाप, सगळे नाचले. मीही नाचलो. फक्त गाण्याच्या मधोमध सगळी वाद्यं गप्प झाली, एकटा ढोल वाजत राहिला. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

चहा पिताना मी विचारलं, "नाना, तिथे ट्रम्पेट का नाही घातला? वाजवणारी पोरं आहेत की."

नानांनी कप खाली ठेवला.

"ती जागा मन्ही शे," म्हणाले. "कोनलेच दियेल नही."

वरात पुन्हा सुरू झाली. मी त्यांच्या शेजारून चालत होतो. ढोल एकटा पडला, तसे नानांचे गाल फुगले, डोळे मिटले आणि ट्रम्पेटच्या कळांवर दाबावीत तशी उजव्या हाताची तीन बोटं सदऱ्यावर भराभर दाबली जाऊ लागली. हिरामण क्लॅरिनेट ओठांशी धरून त्यांच्याकडे बघत थांबला होता. नानांनी डोळे उघडले, तेव्हाच बँड वाजला.