देवकीबाईंच्या सव्वादोन नंबराची मोहीम

श्रीसागरदेव प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, आश्विन मासी, धाकटी डहाणू येथे जे अरिष्ट उद्भवले आणि जे निवारले, ते पदरचे तिखटमीठ न लावता सांगतो.

राजश्री जतीन तांडेल यांची बोट खाडीत शिरताच निशाण ओळखून "आली रे आली" ऐसी ललकारी देणे, हा मान त्यांचे कुटुंब देवकीबाई यांजकडे पंधरा वर्षे चालत होता. परंतु बाईंची नजर हळूहळू फितूर जाहली. जवळची सुई ओवीत, दूरचे सारे धुके. गेल्या मंगळवारी ललकारी देऊन त्या टोपलीनिशी कमरभर पाण्यात शिरल्या, आणि बोट निघाली लहान्या नावाच्या शेजाऱ्याची! अवघा किनारा हसला. मग सासूबाई भिकीबाईसाहेबांचे फर्मान सुटले की, देवकीने मासळी सुकवावी, ललकारी धाकटी सून हेतल देईल. बाईंना घास गोड लागेना.

सबब खासा स्वारी डहाणू बाजारी नविनराव चष्मेवाल्यांचे दुकानी दाखल जाहली. नविनरावांनी बाईंचे नाकावर लोखंडी चौकट चढविली आणि काचांमागून काचा घातल्या. दीड नंबर हटला, पावणेदोन हटला, मग दोन नंबराने भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत सर केला. नविनराव वदले, फत्ते. बाई उसळल्या, "फत्ते कसली? तुझा तक्ता भिंतीला, माझी बोट पाण्यात! मला निशाण दिसायला हवं." आणि चौकटीसह उठल्या. नविनराव हां हां म्हणतात तों बाई रिक्षात, आणि मग काचांची पेटी उराशी धरून नविनरावही रिक्षात, दुकान रामभरोसे!

खाडीवर बोटी परतत होत्या आणि हेतलबाई सज्ज होत्या. दोन नंबराने निशाणे दिसली, ओळख पटेना. मग नविनरावांनी घाम पुसत पाव नंबराची कुमक धाडली, तों लाल निशाणावर बाईंनी स्वहस्ते शिवलेला पिवळा पट्टा लख्ख दिसला. "आली रे आली!" ऐसी गर्जना जाहली की बगळे उडाले.

मग नजर बोटीवर फिरली. सुकाणूवर तांडेल हात हालवीत होते. सगळ्यांचे नवरे हात करतात, आमचा माणूस म्हणजे खांब, ही बाईंची गेल्या काही वर्षांची तक्रार. त्यांनी हेतलला पुसिले, "आजच काय हे?"

"जाऊबाई, दादा तर रोजच हात करतात. तुम्हीच कधी उलट केला नाही."

अरेरे! मग बाईंनी डोळे पुसून दोन्ही हात ऐसे हालविले की चौकट घसरली, ती नविनरावांनी वरचेवर झेलली. बोट लागताच तांडेलांनी पुसिले, "दिसलो काय?"

"दिसलात. मिशा पिकल्यात तुमच्या."

येणेप्रमाणे सव्वादोन नंबर दोन्ही डोळ्यांस मुक्रर जाहला, भिकीबाईसाहेबांनी मान देवकीबाईंस बहाल केला, आणि किनाऱ्यासमक्ष ही फत्ते नोंदली.