एलवूडची केळ्यांची बरणी

एलवूड हॅस्केटने फ्रिज उघडला. बरणी जागेवर नव्हती.

"बर्नडीन, इथली बरणी कुठंय?"

"'केळी' लिहिलेली? केळ्याच्या ब्रेडमध्ये घातली की." त्याची बायको कणसं उकडत होती. "उरलेलं भाजून झाल्यावर वरून ओतलं. काय मुरली होती रे केळी! वास नुसता घमघमत होता."

बरणीत केळी होती, यात खोटं काही नव्हतं. काकवीही होती. आणि बियर होती, उन्हात चांगली आंबवलेली. तिन्हीसांजेला हा लेप ब्रशने ओकच्या खोडाला फासायचा, रात्रीचे पतंग तो प्यायला येतात, मग एलवूडने त्यांचे फोटो काढायचे. एवढाच त्याचा नाद.

पण बर्नडीन पडली चर्चच्या दारूबंदी मंडळाची अध्यक्ष. घरात बाटली दिसली तर पतंगांचं खूळ त्या दिवशी बंद, असं तिने बजावलेलं. म्हणून बिचारा टोपी डोळ्यांवर ओढून शेजारच्या काउंटीतून बियर आणायचा. स्वतः थेंब चाखायचा नाही. बरणीवर 'केळी' लिहायची हुशारीही त्याचीच.

आणि आज तिन्हीसांजेला अंगणात नव्या पाद्रींच्या स्वागताचं जेवण. चर्चची मंडळी येऊन बसलीसुद्धा होती.

"तो ब्रेड वाढू नकोस," एलवूड म्हणाला. "कच्चा राहिलाय."

"खाल्लास?"

आता खाणं भाग होतं. त्याने एक तुकडा खाल्ला, मग ब्रेड संपवूनच टाकावा म्हणून आणखी दोन.

"कच्चा म्हणे! आणि हादडतोय बघा कसा. पाहुण्यांना ठेव काही." बर्नडीनने ताट हिसकावलं आणि बाहेर नेलं.

ऑर्गन वाजवणाऱ्या मिस प्रुडन्सना आजवर कुणी हसताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या तुकड्यानंतर त्या बटाट्याच्या सॅलडकडे बघून खुदुखुदु हसू लागल्या. पाद्री किंब्रेलनी एक घास घेतला आणि ते थांबले. ब्रेडचा वास घेतला. मग सावकाश मान वळवून एलवूडकडे आणि त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. एलवूडने घाईने कणसात तोंड खुपसलं.

तेवढ्यात ब्रेडच्या ताटात काहीतरी येऊन बसलं. झाडाच्या सालीसारखे राखी पंख, आणि ते जरा उचलले की आत लालभडक अस्तर. त्या पतंगासाठी एलवूडने कितीतरी उन्हाळे ओकखाली काढले होते, आणि हा पठ्ठ्या येऊन बसला तो बर्नडीनच्या ब्रेडवर!

हाकलला तर सुटका होती. सगळ्यांचं लक्ष गेलं, की हा ब्रेडवर का आला हे कुणीतरी विचारणारच. एलवूडने हाकलायला हात उचलला खरा, पण तो गेला गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे. काय करणार, राहवेना. फ्लॅश चमकला आणि सगळ्या माना वळल्या.

"अगं बाई," बर्नडीन म्हणाली, "हे पाखरू माझ्या ब्रेडवर कसं?"

एलवूड कॅमेऱ्याशी चाळा करू लागला.

"केळी उत्तम मुरली की येतात हो," पाद्री शांतपणे म्हणाले. "हाताला चव आहे तुमच्या."

बर्नडीनचा चेहरा उजळला. "ऐकलंस, एलवूड? मंडळाच्या सभेलाही हाच ब्रेड करते. बरणी भरून ठेव."

"प्रार्थना करू या," पाद्री घाईघाईने म्हणाले आणि एलवूडच्या शेजारी येऊन उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले.

"चर्चमागच्या मेपलला पतंगांसाठी मी नुसती केळी फासतोय," ते पुटपुटले. "मुंग्यांशिवाय काळं कुत्रं फिरकत नाही. पण या गावात मी बियरच्या दुकानाची पायरी चढू कसा, सांग बरं?"

एलवूडने एक डोळा उघडला. पाद्रींचे दोन्ही मिटलेलेच होते.

"सभेच्या बरणीत फक्त केळी घाल. आणि पुढच्या खेपेला एक बाटली माझ्यासाठीही आण."

"आमेन," एलवूड म्हणाला. एवढ्या मनापासून तो चर्चमध्येही कधी म्हणाला नव्हता.