नानांच्या बांधावरचं बिऱ्हाड

गेल्या दिवाळीत सासुरवाडीला जाऊन मी नानांचा बांध साफ केला. नाना म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे, चुलते; सिन्नरकडे त्यांची शेती. जावई नुसता फराळ हाणतो असं कोणी म्हणू नये, म्हणून विळा उचलला आणि कमरेएवढं गवत सपाट केलं. हाताला फोड आले. तेही दाखवावेत म्हणून नानांना मोठ्या उत्साहाने बोलावलं.

नाना बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, बिऱ्हाड होतं तिथं."

बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. नानांचं उलटंच. दर नांगरटीला ते स्वतःचंच शेत थोडं सोडतात. बांध आता बैलगाडी जाईल एवढा रुंद झालाय. वर बोरी, हिवर आणि गवत. तिथे फवारा मारायचा नाही. ट्रॅक्टरवाल्याने जाताना गाणी बंद करायची. "हळू. बिऱ्हाड हाय!" मुंगसाला ते 'पाटील' म्हणतात, तितरांना 'पाव्हणं'.

"नाना, बांध पिकवता आन् शेत पडीक ठेवता!" शेजारचा रामभाऊ हसतो.

"तुझ्या अळ्या माझं पाव्हणं खात्यात. फुकटात! गप बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरचा रोजचा तितर ओरडलाच नाही. नाना बांधाकडे तोंड करून अंगणात उभे; हातातल्या चहावर साय धरली.

"तुमची काकू होती ना," ते म्हणाले, "तितर बोलला की चुलीपासून जाब द्यायची. हुबेहूब! मी म्हणायचो, येडी का काय तू? ती गेल्यापासून तो एकटाच बोलायचा. मला नाय जमत."

तरी त्यांनी तोंडाशी हात नेला. कोंबड्याला ठसका लागावा तसा आवाज निघाला. मी हसू दाबलं, आणि लगेच माझीच मला लाज वाटली.

तेवढ्यात गोठ्यामागून खणखणीत साद आली. एकदा, मग पुन्हा.

नानांनी गोठ्याकडे मान वळवली. "हाय," ते म्हणाले. "हाय अजून." आणि गार चहा एका घोटात संपवला.

परतताना स्कूटरवर मी म्हणालो, "सुटलो बुवा! तितर काही गेला नाही."

"तितर कसला? गोठ्यामागे मी होते," मागून सुनंदा म्हणाली. "काकूनेच शिकवलं होतं लहानपणी."

"अगं, म्हणजे नानांना फसवलंस की!"

तिने मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "एवढा संसार केला त्यांनी. काकूची हाक त्यांना कळणार नाही होय?"