कोऱ्हाळ्याचं जपान

मुलाचं लग्न जमत नसलं की माणसं नवस बोलतात, पत्रिकेतला मंगळ इकडचा तिकडे करतात, पोरगा पुण्यात नोकरीला असल्याचं बेधडक सांगतात. कोऱ्हाळे बुद्रुकच्या दत्तोबांनी मात्र दारात जपान लावायचं ठरवलं.

त्यांचा राजवर्धन तिशी ओलांडून चांगला पुढे गेला होता. पोरगा निर्व्यसनी, बागायती ऊस, दारात ट्रॅक्टर, दोन मजली बंगला. पण हल्लीच्या मुलीच्या आयांना बंगल्यापेक्षा पुण्यातली दोन खोल्यांची जागा मोठी वाटते. चहा यायच्या आधीच त्या विचारायच्या, "मुलगा पुण्यात कुठं असतो?" मुलगा उसात असतो म्हटलं की चेहरे पडायचे. उसावर जगणाऱ्यांच्या घरीसुद्धा मग चहात साखर कमी पडायची. प्रत्येक नकारानंतर राजवर्धन निमूटपणे रानात जायचा, आणि प्रयागबाई देवासमोर बसून देवालाच चार शब्द सुनवायच्या.

अशात संक्रांतीच्या सुमाराला वालचंदनगरच्या रामहरींनी स्थळ आणलं. रामहरी कंपनीतून निवृत्त झालेले. रिकाम्या वेळात लोकांची लग्नं जमवायचा त्यांना नाद होता. मुलगी लासुर्ण्याच्या इंद्रजितरावांची, नाव स्वरूपा. पुण्यातल्या एका जपानी कंपनीत दुभाषी. अस्खलित जपानी बोलायची आणि साहेबाच्या चुका साहेबाला त्याच्याच भाषेत सांगायची, असं रामहरी म्हणाले. जाता जाता ते सहज बोलून गेले, की घर जरा बरं दिसू द्या, एवढंच. दत्तोबांनी ते एवढंच ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

त्यांनी बारामतीहून सूरज नावाच्या लँडस्केपवाल्याला बोलावलं. सूरजच्या हनुवटीवर दाढी आणि हातात टॅब होता. मातीत हात घालायचं काम तो माणसं लावून करून घ्यायचा. त्यानं दत्तोबांच्या बंगल्याचा फोटो काढला आणि तासाभरात त्यात जपान घालून दाखवलं. जिथे म्हशी बांधायचे तिथे गुलाबी फुलांचं झाड, पंपाच्या खोलीशी लाल पानांचं मेपल, फाटकाला काळा पाइन आणि कडेनं बांबूची रांग. वर एक वाकडा पूलही होता. दत्तोबांनी हे चित्र त्याच संध्याकाळी रामहरींना धाडलं, रामहरींनी लासुर्ण्याला. तिकडून निरोप आला, की मुलीला घर फार आवडलं. ती कंपनीच्या कामानं काही महिने जपानला चालली आहे, परत आल्यावर श्रावणात घर बघायला येतो.

म्हणजे चित्र पुढे गेलं आणि झाडं राहिली मागे. आता श्रावणाच्या आत ती उगवून दाखवणं भाग होतं.

निवडीची बैठक ओसरीवर बसली. सूरज टॅबवर एकेक झाड दाखवी आणि दत्तोबा ऊस लावल्यासारखे प्रश्न विचारीत. पाणी किती लागतं, खताचा डोस कधी द्यायचा, उतारा काय. गुलाबी झाड म्हणजे साकुरा. त्याला फळ येत नाही आणि फूलही वर्षातून आठवडाभरच राहतं, हे ऐकून ते उखडले.

"आठवडाभर फुलायचं आन वर्षभर आमी पाणी पाजायचं? असली झाडं आमी निवडून देतो, दारात लावत न्हाय."

शिवाय साकुराला थंडी लागते, असं सूरजनं चाचरत सांगितलं. पण चित्रात ते झाड होतं आणि चित्र लासुर्ण्याला गेलं होतं. म्हणून दूध डेअरीतून बर्फ आणून बुडाशी टाकायचं ठरलं. पाइन वीस वर्षांचा आणि उंची जेमतेम कमरेइतकी, हेही दत्तोबांना पटेना. वीस वर्षांत एवढंच वाढणारं झाड आळशी असणार, असं त्यांचं मत पडलं. ते मुद्दाम छाटून छाटून लहान ठेवतात, हे समजल्यावर त्यांनी एकवार राजवर्धनकडे पाहिलं आणि विषय बदलला. बांबूला मात्र प्रयागबाईंनी चांगलंच तोंड सोडलं. दारात तिरडीचं सामान कशाला, असा त्यांचा सवाल होता. सूरज म्हणाला, हा शोभेचा बांबू आहे. शोभेच्या बांबूवर नेलेलं माणूस कमी मेलेलं असतं का, असं त्यांनी विचारलं. सूरजनं टॅबवर पुढचं झाड काढलं.

झाडं आली, लागली, आणि गाव बघायला लोटलं. मेपलची लाल पानं पाहून जो तो हळहळला. तांबेरा पडलाय, आजच फवारा, असा सल्ला देऊन माणसं जात. दत्तोबा आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, की हा रोग नाही, ह्याला जपानात लोक तिकीट काढून बघायला जातात. पण शंभर माणसांनी रोग म्हटल्यावर एकट्यानं शोभा म्हणत राहायला छाती लागते. शेवटी त्यांनी फवारलं. वर उसाचा डोस दिला आणि पाटाचं पाणी सोडून झाडं गुडघाभर भिजवली. मेपलनं पानं टाकली, साकुरानं बर्फासकट मान टाकली आणि मे महिन्यात पाइनही जागच्या जागी वाळला. त्याला दत्तोबांनी ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग मारून घेतला. जगला तो फक्त बांबू. उसाचा डोस त्याला असा मानवला, की श्रावणापर्यंत तो पार गच्चीच्या वर गेला, सरळसोट आणि मनगटाएवढा जाड. दत्तोबांचं जपान आता एवढंच उरलं होतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून धांदल होती. पोहे भिजले होते, राजवर्धन इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. आणि नेमके त्याच सकाळी मागच्या आळीतले तात्याबा गेले. पिकलं पान होतं, भावकीतलेही नव्हते, त्यामुळे सुतक लागत नव्हतं. दत्तोबांनी मनातल्या मनात हात जोडले आणि फाटक लावून घेतलं. तेवढ्यात आळीतली माणसं कोयता घेऊन फाटकाशी उभी राहिली. बांबू हवे होते. पंचक्रोशीत असे सरळ बांबू दुसरे नव्हते, आणि मयताला बांबू नाही म्हणणारा माणूस अजून ह्या गावात जन्माला यायचाय.

दत्तोबा हो म्हणाले, पण त्यांचा जीव तीळतीळ तुटला. मागच्या आळीत चिखल, म्हणून तिरडी ह्यांच्या अंगणातल्या फरशीवरच बांधायला घेतली. तात्याबांची मुलं मुंबईहून निघाली होती, हाताखाली माणूस कमी. राजवर्धन मुळात भला पोरगा. त्यानं शर्ट काढून ठेवला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि सुतळी आवळू लागला. प्रयागबाई पायरीवर बसून रडू लागल्या. तात्याबांसाठी थोडं आणि पोराच्या नशिबासाठी पुष्कळ. दत्तोबांना हे बघवेना. ते गोठ्यामागे जाऊन गोबरगॅसच्या टाकीवर बसून राहिले. फोन राहिला आत, चार्जिंगला.

आणि इंद्रजितरावांची गाडी वळणावर आली.

गाडीतून दिसलं ते असं. दारात टोप्या घातलेली माणसं, फरशीवर तिरडी, पायरीवर घरची बाई रडतेय, पोरगा उघड्या अंगानं टॉवेल टाकून खाली मान घालून बसलाय. घरातलं एकच माणूस कुठे दिसत नव्हतं. रामहरींनी त्या माणसाला फोन लावला. आत घंटी वाजत राहिली आणि फोन कुणी उचलला नाही. रामहरींनी डोक्यावरची टोपी काढली. मंगल कामाला निघालेल्या माणसांनी मयतावर उतरू नये, असं स्वरूपाची आई म्हणाली आणि गाडी फाटकावरूनच वळली.

संध्याकाळी रामहरींनी राजवर्धनला फोन केला. आम्ही फाटकापर्यंत आलो होतो, फार वाईट झालं, म्हणाले. तात्याबांना नुकताच पोचवून आलेला राजवर्धन जड आवाजात म्हणाला, की काका, लई देवमाणूस होता, पण वय झालं होतं, तुम्ही तेरावा झाल्यावर या. दत्तोबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. परक्याच्या मयताचासुद्धा एवढा विचार करणारी माणसं सोयरी म्हणून मिळाली तर पोराचं सोनं होईल, असं ते गावभर सांगत सुटले.

तेरावा उरकला, दत्तोबांनी पाइनला हिरव्या रंगाचा आणखी एक हात मारून घेतला आणि दुसऱ्याच सकाळी पाहुणे आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत. इंद्रजितरावांच्या हातात राजवर्धनसाठी टॉवेल-टोपी. गाडीचा आवाज आला तसे दत्तोबा लगबगीनं पुढे झाले आणि त्यांनी स्वतः फाटक उघडलं.

"या, या पाव्हणं. आमी डोळं लावून बसलोय."

इंद्रजितरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रामहरींकडे पाहिलं. रामहरी पाइनकडे पाहू लागले. पाठोपाठ प्रयागबाई ठसठशीत कुंकू लावून पोह्यांच्या बशा घेऊन आल्या, तेव्हा स्वरूपाच्या आईनं टॉवेल-टोपी हळूच पिशवीत सारली. मग सगळा उलगडा झाला. सगळे हसले, पण पाहुण्यांचं हसू पोहे संपायच्या आधीच संपलं. स्वरूपानं जाता जाता पाइनला बोट लावून पाहिलं, हिरवं झालेलं बोट रुमालाला पुसलं आणि गाडीत बसली. विचार करून कळवतो, असं म्हणून गाडी निघाली.

दत्तोबांनी रामहरींना मात्र ठेवून घेतलं. पोराचं ह्या स्थळावर मन बसलं होतं, हे त्यांना दिसत होतं.

"खरं सांगा रामहरी. आमच्यात काय खोट निघाली? झाडं मेली म्हनून?"

रामहरींनी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, "झाडांचं काय न्हाय. मंडळी होकार घेऊनच आली होती. घरात मयत झाल्यावर वर्षाच्या आत लगीन उरकायचं, न्हाय तर तीन वर्षं थांबायचं, म्हणून उलट त्यास्नीच घाई होती. पोरगी म्हणली, सासरा न्हाय, जमीन पोराच्या नावावर होईल, पोरगा मनाला येईल तसं करायला मोकळा. सासूबाई एकट्या, त्यास्नी आपल्यासंगं पुण्याला नेऊ. सगळं जुळलं होतं."

"आन आता?"

"आता तुमी हाय की."

दत्तोबांनी राजवर्धनकडे पाहिलं. वडलांच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला तो पोरगा वडलांकडे टक लावून बघत होता, आणि दत्तोबांची नजर वळल्यावर त्यानं पटकन आपली खाली घातली.

प्रयागबाई उष्ट्या बशा गोळा करत होत्या. पोरीनं पोहे तसेच ठेवले होते. ती बशी हातात घेऊन त्या नवऱ्यासमोर थांबल्या.

"फाटक उघडायला मी गेले असते की," त्या म्हणाल्या. "तुमाला काय नडलं हुतं पुढं यायचं?"