धाकट्याचं पहिलं वाक्य

मोबाइलवर सरसर पुढे पळणारा अंगठा जागच्या जागी थांबवायची विद्या जगात आपल्या एकट्यालाच अवगत आहे, असं धाकट्याचं ठाम मत. कारकुनी सोडून तो लोकांच्या छोट्या व्हिडिओंसाठी पहिली वाक्यं लिहून द्यायचा. "वाक्य असं हवं," तो सांगे, "की पाण्यातल्या माशानंही मान वळवून बघावं." माशाला मान नसते, हे त्याला सांगायची कुणाची छाती नव्हती.

अशात त्याची नजर थोरल्या बहिणीच्या धुलाई-इस्त्रीच्या दुकानावर पडली आणि घात झाला. ताईचा हात असा, की तिनं इस्त्री केलेल्या बाहीच्या घडीवर काकडी चिरावी. गिऱ्हाइकं जुनी, काम चोख.

"तुझी जाहिरात करतो," धाकटा म्हणाला.

"नको रे बाबा. चाललंय ते बरं चाललंय."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

या प्रश्नापुढे कुठल्या बहिणीचं काही चाललंय?

धाकटा दुकानासमोर उभा राहिला आणि कपाळाला हात लावून रडवेल्या आवाजात म्हणाला, "या दुकानात कपडे टाकलेत, तर पस्तावाल." मग श्वास घेऊन तो हसला, "कारण पुन्हा दुसऱ्या कुणाची इस्त्री तुम्हाला पसंतच पडणार नाही."

पहिलं वाक्य एवढं जबर, की अख्खं गाव हबकलं आणि तसंच पुढच्या व्हिडिओकडे गेलं. त्या श्वासापर्यंत कुणी थांबलंच नाही.

सकाळी दुकान उघडतंय तोच डॉक्टरीणबाई हजर. "माझे कोट परत द्या. धुतले नसतील तर तसेच द्या."

"अहो, पण झालं काय?"

"सख्खा भाऊच सांगतोय म्हटल्यावर आणखी काय व्हायचं राहिलं?"

धाकट्यानं घाईघाईनं दुसरा व्हिडिओ टाकला. त्याची सुरुवात होती, "माझ्या बहिणीबद्दल आज सगळं खरं सांगून टाकतो." झालं. राहिलेल्या लोकांनी आपापले ओले कपडे मशीनमधून उपसून, पिळत पिळत घरी नेले. मग तिसऱ्यात तो सरळ म्हणाला, "माझी ताई कपडे छान धुते." तो व्हिडिओ एकट्या धाकट्यानं पाहिला, आणि त्यालाही मध्येच जांभई आली.

ताईनं भांडायचं सोडून रिकामी मशीनं पुसायला घेतली. तेच त्याला जास्त लागलं.

उरले एकटे म्हातारे मास्तर. त्यांच्याकडे फोनच नव्हता. त्यांचा एकुलता एक चांगला सदरा ताई जीव लावून इस्त्री करत होती, ते बाकावर बसून होते. तेवढ्यात धाकटा आला. 'ताई, चुकलो' हे दोन शब्द तो वाटभर घोकत आला होता. पण जिभेला लागलेली सवय!

"ताई," तो म्हणाला, "आज मी जे सांगणार आहे, ते ऐकून तुझ्या पायांखालची जमीन सरकेल."

ताई पांढरीफटक पडली. इस्त्री होती तिथेच सोडून तिनं भिंत धरली. "आईला काय झालं रे?"

"आई ठणठणीत आहे. मी... माफी मागायला आलो होतो."

"अरे मेल्या, मग तसं म्हणायचं ना." ती मटकन स्टुलावर बसली. आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. त्याचे केस विस्कटत म्हणाली, "जाऊ दे. होतील गोळा परत माणसं."

दुकानात धूर झाला होता. मास्तरांनी उठून इस्त्री बाजूला केली, सदरा उजेडात धरला आणि त्याच्या पाठीला पडलेल्या तिकोनी भोकातून दोघा भावंडांकडे पाहिलं.

"लोक सांगत होते," ते हळूच म्हणाले. "मीच ऐकलं नाही."