आत्याच्या कसोटीला उतरलेलं कॅबिनेट

नवं कॅबिनेट खोक्यातून बाहेर आलं आणि समीक्षकाने आधी त्याच्या सगळ्या कडांवरून हात फिरवला.

"अगं, हात फिरवून बघ जरा!" तो बायकोला म्हणाला. "प्रत्येक कड दुमडलीय. एकही जागा धारदार नाही!"

बायकोने हात फिरवला. "छान आहे. कॉम्प्युटरचा डबाच ना?"

डबा! कॉम्प्युटरचे भाग ज्या पेटीत बसवतात, ती आतून किती थंड राहते आणि बांधणीला किती पक्की आहे, हे तो एका मासिकासाठी अकरा वर्षं तपासत आला होता. त्यात बोटं किती कापली याला गणती नव्हती. नाव मात्र एकदाही छापून आलं नव्हतं. लेखाखाली कायम 'आमच्या प्रतिनिधीकडून'. या खेपेला संपादकांनी शब्द दिला होता. "कोणी न लिहिलेलं काहीतरी लिहा, फोटो चारच्या आत पाठवा. लेखावर नाव छापतो."

आणि नाव छापून यावं असंच हे कॅबिनेट होतं. पुढे तीन पंखे, मागे एक, माथ्यावर बारीक जाळी. धुळीची गाळणी बोटाने ओढली की बाहेर. त्याने आपल्या कॉम्प्युटरचे सगळे भाग त्यात बसवले, खिडकीजवळच्या सॉकेटला जोडले आणि मशीनला घाम फोडणारा प्रोग्राम लावला. माथ्याच्या जाळीवर टिश्यू पेपरची पट्टी धरली, तर आतून येणाऱ्या हवेने ती ताठ उभी राहिली. पडद्यावरचा तापमानाचा आकडा एकाहत्तर अंशांवर येऊन थांबला, तो हलेचना. त्याला अगदी गहिवरून आलं.

चूक एकच झाली. खिडकीजवळ आत्याचं स्टूल असे, ते त्याने सकाळी बाजूला सारून त्या जागी कॅबिनेट ठेवलं होतं.

आत्या बोलत बोलत आली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने न बघताच बसली.

"आत्या!" तो किंचाळला.

"काय झालं? ओरडतोस काय असा?"

काहीच झालं नव्हतं, हेच तर नवल! आत्या अंगापिंडाने भरभक्कम. आजवर घरातल्या दोन खुर्च्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते. इथे पत्रा साधा करकरलासुद्धा नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं. जाळी बंद झाली, म्हणजे आकडा आता भडकणार. आकडा चढला, चौऱ्याहत्तरवर गेला आणि थांबला. फक्त तीन अंश! हवेने निमूटपणे मागची वाट धरली होती. त्याने तोंडात बोट घातलं.

"आत्या, ऊठ आता. फोटो काढायचेत."

"थांब रे. कमरेला ऊब लागतेय."

"ती मशीनची गरम हवा आहे!"

"असू दे. सात वर्षांत डॉक्टर झाले, पट्टे झाले, तेलं झाली. कंबर अशी मोकळी झाली नव्हती."

त्याने गुपचूप प्रोग्राम बंद केला. पाच मिनिटांत आत्या ओरडली, "गार पडलं रे, लाव परत!" पाच मिनिटांत गार! त्याने लगेच वहीत नोंद केली आणि प्रोग्राम परत लावला. आत्याचा हट्ट वाढत होता आणि त्याची वही भरत होती.

पावणेचार झाले. आत्याने हाक मारून शेजारणीला बोलावलं. ती आली ती मागच्या पंख्याला गुडघे लावूनच बसली. "अगंबाई, खरंच गं!" आता माथाही बंद, पाठही बंद. एकोणऐंशी अंश. तरी मशीन सुरूच! त्याला हात जोडावेसे वाटले, पण घड्याळ पुढे पळत होतं.

"अगं, तू तरी सांग ना हिला!" तो बायकोकडे वळला.

"बसू द्या हो त्यांना. किती दिवसांनी सरळ बसल्यात," बायको म्हणाली आणि तिघींसाठी चहा ठेवायला गेली.

शेवटी चारला दोन मिनिटं असताना त्याने तसेच फोटो काढले आणि लेखासकट पाठवून दिले. प्रत्येक फोटोत मधोमध आत्या आणि कोपऱ्यात शेजारणीचा गुडघा होता. नाव तर गेलंच, आता बहुधा कामही जाणार, असं म्हणत तो कपाळाला हात लावून बसला.

फोन वाजला.

"फोटोत कोण आहे हो?" संपादकांनी विचारलं.

"आत्या. माफ करा, ती उठतच नाही..."

"त्यांच्याकडे द्या फोन."

आत्याने फोन घेतला. "काय? थंड? कोण म्हणतं थंड? आतली सगळी धग बाहेर टाकते ही पेटी, स्वतःजवळ एवढीशीसुद्धा ठेवत नाही. मी बसून सांगते!"

तो आत्याकडे बघतच राहिला. अकरा वर्षं तक्ते काढून जे त्याला नीट सांगता आलं नव्हतं, ते तिने एका दमात सांगून टाकलं होतं.

अंक आला. पानभर फोटो, वर ठळक मथळा 'मी बसून सांगते', आणि खाली आत्याचं माहेर-सासरसकट पूर्ण नाव. त्याने पान दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं, तेव्हा फोटोच्या कडेला बारीक अक्षरांत एक ओळ सापडली.

'छायाचित्र : त्यांचा भाचा.'